कनेरगांवचा नाका आणि दुष्काळाचीं भाकितें

१

हिंगोलीहून वाशीमकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, पैनगंगेच्या जवळ, कनेरगांव नाका या नांवाचें गांव आहे. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजीं परभणींतून निराळा झाला, व आज हें गांव त्या जिल्ह्याच्या वाशीमकडील टोकास आहे. नांवास चिकटलेला 'नाका' हा शब्द वाटसरूच्या कानास आतां सरावाचा झाला आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकानें त्यापाशीं क्षणभर थांबावें असें आम्हांस वाटतें.

१८५३ सालच्या तहानें निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केलें. तेव्हांपासून या भागांत एका अंगास निजामाचा मुलूख व दुसऱ्या अंगास इंग्रजी अंमलाचें वऱ्हाड अशी हद्द पडली. भाषा तीच, सोयरीक तीच, ज्वारीही तीच. पण मधें सरहद्द आली. निजामाच्या राज्यांत मालावर जकात घेणाऱ्या खात्यास 'करोडगिरी' म्हणत. कंपनीच्या मुलुखांतून येणाऱ्या मालावर शेंकडा पांच हा दर १८०२ च्या व्यापारी तहानेंच ठरलेला होता. कनेरगांवच्या नांवांतील नाका हा या हद्दीचाच अवशेष आहे, असा अर्थ आम्ही घेतों. पुढें १७ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबाद संस्थान भारतांत आलें. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा व विदर्भ हे दोन्ही भाग द्वैभाषिक मुंबई राज्यांत एकत्र झाले. राज्याची हद्द गेली, नांव मात्र राहिलें.

हें नांव आम्ही प्रस्तुत लेखाच्या आरंभीं घेतलें याचें कारण असें. धान्य किती पिकतें आणि खाणारीं तोंडें किती, या दोन आंकड्यांची वजाबाकी करून 'अमुक वर्षीं जग उपाशी मरणार' असें भाकीत करण्याची चाल विद्वानांत सव्वादोनशें वर्षें चालत आली आहे. हीं भाकितें एकामागून एक खोटीं ठरलीं. तीं कां खोटीं ठरलीं, आणि खोटीं ठरण्यापूर्वीं त्यांनीं काय केलें, हें पाहणें आमचा हेतु आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत इतकेंच कीं, त्या वजाबाकींत नाका धरलेला नव्हता. धान्य आणि तोंड यांच्यामध्यें वाट असते, दर असतो, मजुरी असते आणि राजाची मर्जी असते. दुष्काळ बहुधा तेथें घडतो.

२

भूमीस प्राण्यांचा भार झाला हा विचार आपल्याकडे नवा नाहीं. महाभारताच्या द्रोणपर्वांत व पुन्हां शांतिपर्वांत मृत्यूच्या उत्पत्तीची कथा आहे. प्राणी जन्मतात पण मरत नाहींत, त्यामुळें पृथ्वी भारानें पीडित होते. ब्रह्मदेवाच्या कोपाग्नीनें जग जळूं लागतें. तेव्हां स्थाणु म्हणजे शंकर मध्यें पडतो, आणि ब्रह्मदेव तो अग्नि आवरून मृत्यु नांवाची स्त्री उत्पन्न करतो. आपणांस नेमून दिलेलें काम ऐकून ती स्त्री रडूं लागते, तें काम टळावें म्हणून दीर्घ तप करते. तिचे अश्रूच पुढें व्याधि होतात. या कथेंत आम्हांस मोलाची गोष्ट वाटते ती ही कीं, भूमीचा भार उतरविण्याचें काम खुद्द मृत्यूसही क्रूर वाटलें. पुढें ज्या मंडळींचा उल्लेख यावयाचा आहे त्यांतील कित्येकांस तेवढाही संकोच झालेला दिसत नाहीं.

दुष्काळाचें वार्षिक भाकीत तर घरोघरचें होतें. वर्षप्रतिपदेस पंचांगांतील संवत्सरफल वाचावयाचें. त्यांत वर्षाचा राजा, मंत्री, मेघेश, धान्येश कोण व पाऊस किती आढक हें सांगितलेलें असे. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत बृहस्पतिचाराच्या अध्यायांत साठ संवत्सरांचीं फलें दिलीं आहेत, हें संग्राहकांस विदितच आहे. हीं फलें खरीं होत असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु या भाकितांत एक मर्यादा होती. तें एका वर्षापुरतें असे, चुकलें तर पुढच्या पाडव्यास नवें वाचीत. आणि फल वाईट निघालें तर ऐकणारा कुणबी पेवांत ज्वारी राखून ठेवी. भाकितानें साठवण होई, कोणाच्या ताटांतलें कमी केलें जात नसे.

साठवलेलें धान्य असूनही माणसें मरतात, हा अनुभवही जुनाच. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा महीपतीनें भक्तविजयांत दिली आहे. त्या कथेचा तपशील इतिहास म्हणून कितपत धरावा हा प्रश्न निराळा. पण लोकांनीं शतकानुशतकें जी गोष्ट जपली, ती अशी कीं, दुष्काळांत बादशाही अंबार भरलेलें होतें, त्यास कुलूप होतें, आणि एका कारकुनानें जीव धोक्यांत घालून तें उघडलें. कथा सांगणाऱ्यांस दुष्काळाचें मर्म आंकडे मांडणाऱ्यांपेक्षां अधिक कळलें होतें असें म्हटल्यावांचून राहवत नाहीं.

३

आतां आधुनिक भाकितांकडे वळूं. इंग्लंडांत थॉमस माल्थस यानें १७९८ सालीं लोकसंख्येवरील आपला निबंध प्रसिद्ध केला. माणसें भूमितिश्रेणीनें व अन्न गणितश्रेणीनें वाढतें, म्हणून दोहोंचा मेळ अखेर दुष्काळ, रोग व युद्ध हींच घालतात, असा त्याचा सिद्धांत. या निबंधाचा आपल्या इतिहासाशीं संबंध केवळ विचारापुरता नाहीं. माल्थस हा १८०५ पासून १८३४ सालीं मृत्यु येईपर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या कॉलेजांत, म्हणजे पुढें हेलीबरी या नांवानें प्रसिद्ध झालेल्या संस्थेंत, इतिहास व अर्थशास्त्र यांचा अध्यापक होता. हिंदुस्थानांत येऊन कलेक्टर व्हावयाचे तरुण त्याच्या पुढ्यांत बसून शिकत. सबब हें मत पुस्तकांत न राहतां मुलकी कारभारांत उतरलें.

त्याचें फळ १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत दक्षिणेस चाखावें लागलें. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यानें १८७७ सालीं कायदेकौन्सिलांत, येथील प्रजा जमिनींतून निघणाऱ्या अन्नापेक्षां वेगानें वाढत असल्याचा सिद्धांतच बोलून दाखविला. सर रिचर्ड टेंपल याची गोष्ट तर विशेष लक्षांत घेण्याजोगी आहे. १८७४ सालीं बिहारांत त्यानेंच ब्रह्मदेशांतून तांदूळ आणवून माणसें वांचविलीं होतीं. तेवढ्याबद्दल त्याच्यावर उधळेपणाचा ठपका आला. तोच टेंपल १८७७ सालीं दुष्काळाची पाहणी करण्यास आला तेव्हां त्यानें कामावरील मजुराची दिवसाची मजुरी एक पौंड धान्याइतकी खालीं आणविली. मुंबई इलाख्यांत मजुरांनीं या मजुरीवर कामें सोडलीं. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें, गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकारानें, गांवोगांवची माहिती गोळा करून सरकारास अर्जांवर अर्ज धाडले. मद्रासेस डॉक्टर कॉर्निश यानें ही मजुरी माणसास जगवूं शकत नाहीं असें सरकारी अधिकारी असूनही स्पष्ट सांगितलें. एक पक्ष तोंडें मोजीत होता. दुसरा पक्ष त्या तोंडांत काय पडतें तें मोजीत होता. दुसऱ्या पक्षाचे कागद आज इतिहासाचीं खरीं साधनें ठरले आहेत.

४

कनेरगांवच्या हद्दीच्या दोन्ही अंगांस काय घडलें, हें १८९१ व १९०१ च्या खानेसुमारींवरून पाहतां येतें. या दहा वर्षांत १८९६-९७ चा व १८९९-१९०० चा, ज्यास छप्पन्नाचा म्हणतात तो, असे दोन दुष्काळ होऊन गेले. वऱ्हाडाची वस्ती १८९१ सालीं सुमारें २८ लाख ९७ हजार होती, ती १९०१ सालीं २७ लाख ५४ हजारांवर आली. निजामाच्या राज्याची वस्ती १ कोटि १५ लाखांवरून १ कोटि ११ लाखांवर उतरली. माणसें फार झालीं म्हणून अन्न पुरत नाहीं असें जेव्हां पुस्तकांत लिहिलें जात होतें, तेव्हां येथें माणसें कमी होत होतीं.

या आंकड्यांत आणखी एक धडा आहे. हिंगोलीस आगगाडी १९१२ सालीं पूर्णेकडून आली. छप्पन्नाच्या दुष्काळांत ती तेथें नव्हती. त्यापूर्वीं या मुलुखांतील धान्य व मीठ लमाणांच्या बैलांच्या तांड्यांवर हिंडत असे. उलट वऱ्हाडांत अकोल्याकडून आगगाडी १८६० च्या दशकांतच गेलेली होती व तिकडून कापूस मुंबईस वाहत होता. असें असतां वस्ती दोहोंकडे घटली. यावरून नाके दोन प्रकारचे असतात हें उघड होतें. एक वाटेवरचा, तो रस्त्यानें व रुळानें उठतो. दुसरा पदरांतला, हातांत मजुरीचे पैसे नसले म्हणजे दारांत आलेलें धान्यही परमुलुखांतलें होतें. वऱ्हाडांत पहिला नाका बराचसा उठला होता, दुसरा उठलेला नव्हता. जुन्या कागदांत धान्याच्या दरास 'धारण' म्हणत. जो कोणी दुष्काळाचा इतिहास लिहील त्यानें पावसाच्या आधीं धारण पाहावी, आणि धारणेबरोबर मजुरी पाहावी.

५

युरोपांतही भाकितांचा हंगाम संपला नव्हता. १८६५ सालीं जेव्हन्स यानें इंग्लंडचा कोळसा महाग होत जाऊन त्या राष्ट्राची भरभराट खुंटेल असें लिहिलें. आज पाहतां, ३० सप्टेंबर २०२४ रोजीं इंग्लंडांतील कोळशावर चालणारें शेवटचें वीजघर बंद झालें, आणि कोळसा भूगर्भांत पडून आहे. संपला तो कोळसा नव्हे, त्याची गरज संपली. १८९८ सालीं सर विल्यम क्रुक्स यानें १९३० च्या सुमारास गहूं खाणाऱ्या राष्ट्रांस गहूं पुरणार नाहीं असें बजाविलें. परंतु क्रुक्स हा रसायनशास्त्रज्ञ होता. हवेंतील नत्र बांधून खत करणें हाच तरणोपाय, असेंही त्यानें त्याच भाषणांत सांगितलें. हाबर व बॉश यांनीं ती युक्ति साधली व १९१३ सालीं जर्मनींत कारखाना सुरू झाला. क्रुक्सचें भाकीत खोटें ठरलें तें त्याच्या सूचनेप्रमाणें काम झाल्यामुळें. सर्व भाकितकारांस एका मापानें मोजूं नये म्हणून हें उदाहरण आम्ही मुद्दाम देत आहों.

याच्या उलट उदाहरण १९६० नंतरच्या दशकाचें. १९६५ व १९६६ सालीं पाऊस सलग दोनदां फसला. अमेरिकेहून गव्हाचीं जहाजें आलीं तर शिधापत्रिकेवर धान्य मिळे. अशा वेळीं १९६७ सालीं पॅडक बंधूंनीं १९७५ सालीं जगांत महादुष्काळ पडणार असें पुस्तक लिहिलें, आणि रणांगणावरील जखमींची वाटणी करावी तशी राष्ट्रांची वाटणी करून हिंदुस्थानास 'वांचविणें शक्य नाहीं' या वर्गांत घातलें. पुढच्याच वर्षीं पॉल एर्लिक यानें १९७० च्या दशकांत कोट्यवधि माणसें भुकेनें मरतील असें जाहीर केलें. मृत्यूस अश्रु आले होते. येथें नुसती यादी होती.

६

या यादीची परीक्षा १९७२ सालीं आमच्याच मुलुखांत झाली. १९७० पासून महाराष्ट्रांत पाऊस कमी होत गेला, आणि १९७२ चें वर्ष तर मराठवाड्यास कोरडें गेलें. राज्याचें धान्य निम्म्यावर आलें. वजाबाकीच्या शास्त्राप्रमाणें येथें छप्पन्न पुन्हां घडावयास पाहिजे होतें. आम्ही तेव्हां प्राथमिक शाळेंत होतों. आमच्या वयाच्या माणसांस लाल मिलोची भाकरी, सुकडी, आणि उन्हांत खडी फोडणारीं माणसें अजून दिसतात. भूक होती, गुरें खाटकास गेलीं, घरें मोडलीं. हें हलक्या जिभेनें सांगण्याजोगें नाहीं. परंतु छप्पन्नासारखीं गांवें ओस पडलीं नाहींत. मे १९७३ च्या सुमारास दुष्काळी कामांवर सुमारें पन्नास लाख माणसें होतीं. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते यांवर मजुरी मिळे, आणि मजुरीनें पदरांतला नाका उठला.

त्या वेळीं राज्याचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक होते. ते कनेरगांवापासून फार लांब नसलेल्या पुसद भागांतले, आणि ज्या लमाणांनीं पूर्वीं या मुलुखांत धान्य वाहिलें त्या बंजारा समाजांतले. या योगायोगाची नोंद इतिहासानें करावी अशी ती आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून निघालेल्या रोजगार हमी योजनेस १९७७ सालीं कायद्याचें रूप आलें व १९७९ पासून तो अंमलांत आला. टेंपलच्या एक पौंडापासून या कायद्यापर्यंतचें अंतर ठीक शंभर वर्षांचें आहे.

धान्याचेंही सांगितलें पाहिजे. १९६४ सालीं संकरित ज्वारीचा पहिला वाण बाहेर पडला. आमच्याकडे 'हायब्रीड' हा शब्द त्या ज्वारीमुळेंच घरांत आला. उत्तरेस बुटक्या गव्हानें १९६८ सालीं उच्चांक केला. १९७१ च्या खानेसुमारींत देशाची वस्ती ५४ कोटि ८० लाखांच्या आसपास होती, २०११ सालीं ती १२१ कोटींवर गेली, म्हणजे सव्वादोनपटीच्या जवळ झाली. याच अवधींत धान्य १० कोटि ८४ लाख टनांवरून सुमारें २५ कोटि ९३ लाख टनांवर, म्हणजे जवळ जवळ दोन पूर्णांक चार पट झालें. शिवाय जन्मांचा वेगही आपोआप उतरला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणींत दर स्त्रीमागें अपत्यांचें प्रमाण देशांत दोन व महाराष्ट्रांत १.७ आढळलें. भूमितिश्रेणी स्त्रियांच्या शिक्षणापुढें टिकली नाहीं.

७

यावर पूर्वपक्ष असा येईल कीं, भाकिताची भीति पडली म्हणूनच लोक जागे झाले. मग भाकितांस दोष कां? क्रुक्सपुरतें हें आम्हांस मान्य आहे. र. धों. कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र उघडलें व १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालविलें. १९३८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत डॉ. आंबेडकरांच्या प्रेरणेनें संततिनियमनाचा ठराव आला व तो फेटाळला गेला. परंतु या मंडळींनीं स्त्रीच्या हातीं साधन द्यावें असें म्हटलें. कोणास यादींतून खोडावें असें म्हटलें नाहीं. भाकिताची भीति सत्तेच्या हातीं गेली म्हणजे काय होतें, तें १९७६ सालीं दिसलें. त्या वर्षीं महाराष्ट्राच्या विधिमंडळानें तीन अपत्यांनंतर सक्तीनें नसबंदी करण्याचें विधेयक मंजूर केलें. त्यास राष्ट्रपतींची संमति मिळाली नाहीं, म्हणून तें कायदा झालें नाहीं. देशांत मात्र १९७६-७७ या एका वर्षांत ऐंशीं लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, व त्यांत जुलूम किती झाला हें सर्वश्रुत आहे. भाकीत खोटें ठरलें म्हणजे तें निरुपद्रवी होतें असें नव्हे.

दुसरा पूर्वपक्ष याच्या उलट आहे: भाकितें फसलीं, तर आतां कसलीच चिंता नको. हेंही बरोबर नाहीं. १९८० सालीं एर्लिक व ज्यूलियन सायमन यांनीं पांच धातूंच्या दहा वर्षांनंतरच्या दरांवर पैज लावली, व १९९० सालीं एर्लिकनें ५७६ डॉलरांचा चेक धाडला. परंतु हीच पैज दुसऱ्या एखाद्या दशकांत लागती तर निकाल फिरता, हें जाणत्यांनीं दाखवून दिलें आहे. पैज जिंकणें म्हणजे इतिहास जाणणें नव्हे. एप्रिल २०१६ मध्यें लातूरास मिरजेहून आगगाडीनें पिण्याचें पाणी न्यावें लागलें. धान्याची कोठारें भरलेलीं असतां याच मराठवाड्यांत व वऱ्हाडांत कर्जापायीं व मालाच्या दरापायीं शेतकऱ्यांनीं जीव दिले. हिंगोलीकडे आज ज्वारीच्या जागीं सोयाबीन व हळद उभी असते. पीक विपुल, आणि कुणब्याचा डोळा धारणेवर. पूर्वीं धान्य घेणारा दरानें मरत होता, आतां पिकविणाराही मरतो. नाका उठला नाहीं, त्यानें जागा बदलली आहे.

८

अखेर आमच्या संग्राहक बंधूंस एक विनंति आहे. दुष्काळाचा इतिहास आजवर बहुतेक सरकारी अहवालांवरून लिहिला गेला, आणि त्या अहवालांत तोंडांचा हिशेब पुष्कळ व धारणेचा थोडा आहे. धारण सांपडते ती दुसरीकडे: वाण्यांच्या चोपड्यांत, सावकारांच्या खतावण्यांत, कुळकर्ण्यांच्या मोडी रुमालांत, पंचांगाच्या कडेस लिहिलेल्या टिपणांत, जकातीच्या पावत्यांत. पोथी संग्रहास जाते आणि चोपडी रद्दींत जाते, असें आम्हीं अनेक घरीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. आम्ही स्वतः संस्कृत शिकलेले, सबब हा दोष आमच्याही हातून झाला आहे; एका घरीं संवत्सरफलाची पोथी उचलतांना तिच्याखालची खतावणी आम्हीं तशीच राहूं दिली. पुढच्या खेपेस गेलों तेव्हां ती नव्हती. त्या पोथींतलें फल शेंकडों प्रतींत मिळेल. त्या खतावणींत अमुक साली ज्वारी रुपयास किती पायली मिळाली हें एकदांच लिहिलेलें होतें.

हैदराबाद-वऱ्हाड हद्दीवरील गांवांत अशीं दप्तरें ज्या घरीं असतील, तेथें जाणत्यांनीं जावें, आणि दोन्ही अंगांच्या धारणा वर्षावार समोरासमोर मांडाव्या. एकाच वर्षीं एकाच नदीच्या दोन कांठांवर दरांत किती अंतर पडलें, हें त्यावरून कळेल. आणि उपास पावसानें किती घडविला व नाक्यानें किती, याचा निवाडा भाकितांवांचून करतां येईल. हें काम आमच्या हातून आतां पुरें होण्यासारखें नाहीं. तरुण अभ्यासकांनीं तें हातीं घ्यावें, एवढें सांगून हा लेख पुरा करतों.